हौशी वाद्यरचना आणि आपला अभिप्राय

कविता ऐकविणाऱ्यास एखाद्या ओळीविषयी तरी कोणी काही सांगते. वाद्यावर स्वतःची रचना ऐकविणाऱ्या होतकरूच्या वाट्याला मात्र बहुधा दोनच अभिप्राय येतात: 'छान झाले' किंवा 'जमले नाही'. पहिल्याने तो सुखावतो, दुसऱ्याने खचतो; शिकत मात्र काहीच नाही. कारण दोन्ही अभिप्राय न ऐकताही देता येतात.

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्याच्या एका तरुणाने अलीकडेच स्वतः बांधलेली पेटीवरची रचना आम्हांस ऐकविली. राग भीमपलास, ताल त्रिताल, अवधी सात मिनिटे. मिस्सात ख्रिस्तप्रसादानंतर ती वाजवावी, अशी त्याची इच्छा होती. "फादर, खरे ते सांगा," तो म्हणाला. आम्ही थोडे बिचकलो. पूर्वी व्हायोलिन वाजविणाऱ्या एका मुलास आम्ही थोर वादकांचे दाखले देऊन त्याची उणीव दाखविली होती. त्याचे व्हायोलिन खोळीत गेले, ते पुन्हा बाहेर आले नाही. तो अपराध आमचा.

म्हणून या वेळी रचना दोनदा ऐकली आणि प्रथम विचारले, "तुला यातून काय हवे होते?" तो म्हणाला, "ऊन कलतानाची शांतता." आता अभिप्रायाला माप मिळाले: आमची आवड नव्हे, त्याचा हेतू.

त्याचा मुखडा मंद्र निषादापासून चढत समेला मध्यमावर विसावत होता. मध्यम हा या रागाचा वादी स्वर. तेथे थांबण्याची त्याची समज खरी होती आणि तसे आम्ही सांगितले. पुढे मात्र मींडेचा भास आणण्यासाठी त्याने मधल्या साऱ्या पट्ट्यांवरून बोटे फिरविली होती. मध्यमावरून कोमल गंधाराकडे येताना त्यामुळे शुद्ध गंधार डोकावे. तो या रागात नाही.

पेटीची ही मर्यादा जुनीच आहे. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. ती १९७१ पर्यंत टिकली. दोष दाखविणाऱ्यांचे कान खोटे नव्हते. परंतु त्यांनी वाद्यालाच दाराबाहेर ठेवले. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे याच पेटीचे नामांकित वादक होते. सारंगीची नक्कल सोड, हलका कणस्वर घे, भात्याचा दाब कमी करून स्वर विरू दे, एवढेच आम्ही त्या तरुणास सुचविले.

शेवटचा प्रश्न स्थळाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ऑर्गनला मान देऊनही, उपासनेस साजेशा इतर वाद्यांना मोकळीक दिली. तेव्हा पेटी चालेल का, हा प्रश्नच नाही. लोक डोळे मिटून प्रार्थनेत असताना त्याचा अखेरचा द्रुत भाग चालेल का, हा आहे. तो भाग वाईट नव्हता; त्या जागी परका होता. तो वेगळी रचना म्हणून ठेव आणि शेवटची तिहाईही काढ, असे आम्ही सांगितले.

पंधरा दिवसांनी तो परत आला. रचना तीन मिनिटांची झाली होती, शुद्ध गंधार गेला होता. तिहाई मात्र त्याने ठेवली होती. लय संथ करून, प्रत्येक आवृत्ती आधीहून हळू. तिसरी संपली तेव्हा खोलीत खरोखरच ऊन कलल्यासारखे झाले. तेथे आम्ही चुकलो होतो आणि तो बरोबर होता.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी पेटी, बासरी किंवा गिटार घेऊन बसत असेल. त्याची रचना दोनदा ऐका, हेतू विचारा, नेमकी जागा दाखवा; आणि आपली सूचना नाकारण्याची मुभा त्याला द्या.