मारुती कांबळे बोलत का नाही?

सत्तरीच्या आरंभीच्या चित्रपटांविषयी लिहिताना आपले समीक्षक ‘नवा सिनेमा’ हा शब्द मोठ्या आदराने वापरतात. त्या आदरात मीही वाटेकरी आहे. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. या सिनेमाने शोषित माणूस पडद्यावर आणला; त्याला वाचा दिली काय?

श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ (१९७४) घ्या. तेलंगणातील जमीनदाराचा मुलगा सूर्या, त्याच्या घरी राबणारी लक्ष्मी आणि तिचा कुंभार नवरा किष्टय्या. ॲल्युमिनियमची भांडी आली नि किष्टय्याची मडकी विकेनाशी झाली, या तपशिलात दिग्दर्शकाची आर्थिक जाण दिसते. सूर्या लक्ष्मीला जवळ करतो आणि ती गरोदर राहताच अंग काढून घेतो. शबाना आझमींची लक्ष्मी शेवटी त्याला शिव्याशाप देते, हे खरे. पण किष्टय्या मुका-बहिरा आहे. काम मागायला आलेल्या या माणसावर चाबूक ओढला जातो, तेव्हा ‘का?’ एवढेही त्याला विचारता येत नाही. प्रतिमा म्हणून हे प्रभावी असेल. वास्तव म्हणून अपुरे आहे.

कारण त्याच १९७४ साली आमच्या विदर्भात, अकोला जिल्ह्यातील धाकली गावी, गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. घरच्या मुलीवर झालेल्या अन्यायाचा जाब त्यांनी गावातील बड्यांना विचारला होता. कथा जवळजवळ ‘अंकुर’चीच, पण गवई मुके नव्हते. ते बोलले, म्हणून त्यांना आंधळे केले गेले. १९५६ साली नागपुरात धर्मांतर झाले, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नकार द्यायला शिकलेला माणूस खेड्यापाड्यांत वावरत होता. नव्या सिनेमाच्या कॅमेऱ्याला तो दिसला नाही.

मराठीतील ‘सामना’ हे याच काळातले अपत्य. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर यांच्या झुंजीतून सहकारातील सरंजामशाही उघडी पडते. तिच्याइतके धारदार राजकीय चित्रण मराठी पडद्यावर विरळाच. साऱ्या चित्रपटाला वेढून राहतो तो प्रश्न मारुती कांबळेचे काय झाले हा. कांबळे हे आडनाव महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तरीही चित्रपटाचा रोख जातीकडे न वळता सत्ता आणि सत्य यांच्या झगड्याकडे वळतो. मरणारा आमचा, विचारणारा दुसरा. मास्तराची सद्सद्विवेकबुद्धी जागी करण्यासाठी कांबळे मेला पाहिजे, अशी ही रचना आहे.

मी या कलावंतांच्या हेतूविषयी शंका घेत नाही. त्यांची सहानुभूती सच्ची होती. पण सहानुभूती आणि अनुभव यांत अंतर असते. दलित साहित्याने ते अंतर त्याच दशकात ओलांडले, कारण लेखणी स्वतःच्या हातात होती. कॅमेरा महाग, तो हाती यायला फार वर्षे लागली.

‘अंकुर’च्या शेवटी एक लहान पोर जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर येतो. पहिला दगड पाहून आपण सुखाने टाळ्या वाजवू शकलो, कारण जमीनदार दुसरा होता. दुसऱ्या दगडाने ती सोय ठेवली नाही. सत्तरीच्या सिनेमाचे मूल्यमापन करताना ही सोय कोणाची होती, हे आपल्या समीक्षेने आता तरी नोंदवावे.