यान कलतं होतं तेव्हा

चंद्राच्या शांतिसागरातल्या एका खड्ड्याची दोन छायाचित्रं शेजारी ठेवून पाहावीत. खड्डा जपानच्या कागुया यानाने शोधला. ही छायाचित्रं मात्र नासाच्या लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरची. पहिलं थेट वरून, सूर्य माथ्यावर असताना घेतलेलं: सुमारे १०० मीटर व्यासाचं वर्तुळ, तळाशी विखुरलेले धोंडे. कोरड्या विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं, आणि नजर पुढे सरकते.

दुसऱ्यासाठी अख्खं यान कलतं करावं लागलं. आता समोरची भिंत दिसते. तिच्यात लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत; एक लोट आला, थिजला, मग त्यावर दुसरा. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल, खडकही तोच, बेसाल्ट. पण डोळा अडतो तो थरांच्या खाली. तिथे भिंत संपते, तळ मात्र संपत नाही. तो छताखाली २० मीटरहून अधिक आत गेलेला दिसतो आणि मग अंधारात बुडतो.

या चित्राचं सगळं सामर्थ्य मला त्या अंधाराच्या कडेत दिसतं. चंद्रावर सावल्या उदंड आहेत. सूर्य सरकला की त्या सरकतात. ही सावली मात्र छताची आहे. चित्र तेवढंच सांगतं आणि थांबतं. त्याचा हा संयम मला फार आवडतो.

पुढचं वाचन रडारने केलं. याच यानाने २०१० मध्ये खड्ड्यावर तिरक्या रेडिओलहरी सोडल्या होत्या. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाचे लिओनार्दो कारेर, लोरेन्झो ब्रुझोने आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी नव्याने उलगडल्या. खड्ड्याच्या तळापासून आत जाणारी, ३० ते ८० मीटर लांबीची पोकळी असल्याचं त्यांनी २०२४ मध्ये मांडलं.

हे कळल्यावर त्या अंधाराकडे पाहणं बदलतं. बाहेर दुपारी १०० अंशांच्या वर आणि रात्री उणे १५० च्याही खाली जाणारं तापमान; खड्ड्यातल्या कायम सावलीच्या भागात मात्र, २०२२ मधल्या गणितानुसार, सुमारे १७ अंश सेल्सिअस. शिवाय अंतराळातलं प्रारण आणि उल्काकण अडवायला डोक्यावर जाड खडक. माणसाला तिथे राहायचं असेल तर ही जागा मोलाची आहे.

म्हणून मी पुन्हा त्या धोंड्यांकडे येतो. ते कोसळलेल्या छताचेच असणार. वाट उघडली ती त्या पडझडीमुळे. उरलेलं छत किती भक्कम आहे, हे तिथे उतरूनच तपासावं लागेल, आणि उतरायला शंभरेक मीटरची उभी भिंत आहे.