‘गो’ आणि ‘गम्’ : एका गैरसमजाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘गो’ हे क्रियापद आपल्या ‘गम्’ धातूवरूनच निघाले, असे विधान व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार आढळते. वीसेक वर्षांपूर्वी कळंबच्या एका कार्यक्रमात मीही ते ठासून केले होते. टाळ्या मिळाल्या. ते विधान आज मी मागे घेत आहे.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असे विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात सांगितले. पण सगोत्र शब्द ओळखायचे कसे? कानाला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. याकोब ग्रिमने 1822 मध्ये जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांची नियमबद्ध मांडणी केली. तिच्यानुसार संस्कृत ‘ग’च्या जागी इंग्रजीत ‘क’ येतो. गाय या अर्थाचा ‘गो’ तिकडे ‘काउ’ होतो, ‘युग’ (जू) तिकडे ‘योक’ होते. मग ‘गम्’चा भाऊबंद कोण? ‘कम’, म्हणजे येणे! जर्मनमध्ये ‘कोमेन’.

उलट इंग्रजी ‘ग’च्या समोर संस्कृतात बहुधा ‘ह’ किंवा ‘घ’ सापडतो. ‘हंस’ तिकडे ‘गूस’ आहे. म्हणून बरेच अभ्यासक ‘गो’चा संबंध सोडून जाणे या अर्थाच्या ‘हा’ धातूशी जोडतात. आपले ‘हीन’ आणि ‘हानी’ त्याच धातूचे.

रूपांची कथाही बोलकी आहे. जुन्या इंग्रजीत ‘गान’चा भूतकाळ ‘एओदे’ असा वेगळ्याच मुळाचा होता. पुढे ती जागा ‘वेंड’ (वळणे) या क्रियापदाच्या ‘वेंट’ने घेतली. याला कोणी इंग्रजीची अनियमितता म्हणून हसू नये. आपले ‘जाणे’ ‘या’ धातूचे. आरंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ झाला. येरमाळ्याच्या येडेश्वरीची ‘जत्रा’ही ‘यात्रा’वरून तशीच आली. ‘गेला’ मात्र ‘गत’वरून, म्हणजे ‘गम्’चा. आमच्याकडे ‘त्यो गेल्ता’ म्हणतात, त्यात ‘होता’ मिसळून ‘भू’ हा तिसरा धातूही येऊन बसतो.

‘गम्’ इथे जाण्याचा झाला, तिकडे येण्याचा. मूळ अर्थ पाऊल टाकणे, एवढाच असावा. दिशा पुढे ठरली. हे आपल्याला परके वाटू नये. उंबऱ्यातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कारण ‘गेला’ या शब्दाला मरणाची सावली आहे.

‘गो’ आपला नाही म्हणून मराठीचे किंवा संस्कृतचे काही उणे होत नाही. उलट खोटा सोयरा दारातून परत पाठवला, तर ‘कम’सारखा खरा भाऊबंद ओळखता येतो. अभिमान असावा, पण तो पुराव्याच्या मागून चालावा. मी टाळ्यांच्या नादात तो पुढे काढला, ही माझी चूक होती.