एका पायावरचं अस्वल

पाउता सैलाचं नाचणारं अस्वल फोनवर पाहिलं की तोंडात पहिला शब्द येतो 'क्यूट'. माझ्याही आला होता. हिरवट दगडातलं गुबगुबीत ध्रुवीय अस्वल, एक पाय वर, पुढचे पंजे हवेत. लाइक करायचं आणि पुढे सरकायचं.

पण पाउता (१९१६–२००९) शिकारी होता. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या, बॅफिन बेटालगतच्या किंगाइटचा. अस्वल त्यानं प्राणिसंग्रहालयात पाहिलेलं नाही.

इनुइट लोक पूर्वीपासून कोरत आले, पण बहुतेक मुठीत मावेल एवढंच : वॉलरसच्या सुळ्यातले सील, पक्षी, अस्वलं. त्यातल्या अनेकांना तळच नसायचा. खाली ठेवलं तर कलंडायचं. हातात फिरवून बघायची वस्तू ती, तिला समोरची बाजू कशाला हवी? १९४८मध्ये जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर गेला, पुढच्या वर्षी माँट्रियलमध्ये विक्री झाली, माल हातोहात संपला. आता शहरातल्या शेल्फवर उभं राहील असं काहीतरी हवं होतं. आकार वाढला, तळ सपाट झाला.

म्हणून 'ही तर बाजारू कला' असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. विक्रीच्या पैशातून काडतुसं आणि पेट्रोल यायचं. म्हणजे दगडातलं अस्वल खऱ्या शिकारीचा खर्च भागवत होतं! यात शुद्ध काय आणि बाजारू काय, हे ठरवणारे आपण कोण?

पुन्हा त्या अस्वलाकडे बघा. फरचा एक केस कोरलेला नाही. आहे ते फक्त वजन : मानेत, खांद्यांत, पोटात. ज्यानं हे जनावर सोललंय, कापलंय, वाटून खाल्लंय, त्यालाच ते नेमकं कुठे जड असतं हे ठाऊक. अस्वल मागच्या दोन पायांवर खरंच उभं राहतं, लांबचं बघायला, वास घ्यायला. एका पायावर उभं केलं ते पाउतानं. बाजारानं सपाट तळ मागितला, यानं पायच उचलला. मला तरी ती थट्टा वाटते, आणि जोखीमही. दगड घोट्यात मोडला की संपलं.

इतरांनी केलेल्या बऱ्याच नाचऱ्या अस्वलांत हे नाही. तिथे सर्कशीचा गोडवा शिरलाय.

फोटो बहुधा समोरून काढलेले असतात. बाजूनं काढलेला एखादा शोधा, आणि आधी घोटा बघा.