थ्रेडचा शेवट आणि साधनसामग्रीची जबाबदारी : एक चिकित्सा

प्रस्तावना
एकाच प्रोग्रॅममधील अनेक कामे समांतरपणे चालविण्यासाठी थ्रेडचा वापर केला जातो. प्रोसेस संपली की तिची मेमरी व उघड्या फाईली ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. थ्रेडच्या बाबतीत असे घडत नाही. त्याने मागून घेतलेली मेमरी, उघडलेली फाईल आणि लावलेले कुलूप, म्हणजे म्यूटेक्स, ही सामग्री प्रोसेसच्या मालकीची असल्याने थ्रेडनंतरही तशीच राहते. म्हणूनच थ्रेड सुरू करण्यापेक्षा तो सुरक्षितपणे संपविणे अधिक कठीण ठरते. या प्रश्नावर योजलेल्या प्रमुख उपायांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बाहेरून लादलेला शेवट
विंडोजमधील ‘टर्मिनेट-थ्रेड’ हे फंक्शन थ्रेडला आवराआवरीची कोणतीही संधी न देता थांबविते. त्या क्षणी थ्रेडने मेमरीवाटपाचे कुलूप धरलेले असल्यास ते कधीच उघडत नाही आणि मेमरी मागणारे इतर थ्रेड खोळंबून राहतात. जावाने याच्या उलट मार्ग स्वीकारला. तेथील ‘थ्रेड-स्टॉप’ ही पद्धत थांबविलेल्या थ्रेडची सर्व कुलुपे उघडत असे. वरकरणी हा मार्ग निर्दोष वाटतो. परंतु एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच थ्रेड थांबला, तर उघडलेल्या कुलपामुळे अर्धवट हिशेबच इतरांच्या हाती पडतो. खोळंबा निदान लक्षात येतो. चुकीचा हिशेब पुढे चालत राहतो. त्यामुळे १९९८ मध्ये जावा १.२ ने ही पद्धत त्याज्य ठरविली आणि २०२३ मधील जावा २० पासून ती निष्प्रभ करण्यात आली. कुलूप उघडणे आणि माहिती सुसंगत करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

पोसिक्सची मध्यममार्गी योजना
१९९५ च्या पोसिक्स थ्रेड मानकाने अधिक विचारी भूमिका घेतली. ‘पीथ्रेड-कॅन्सल’ ही केवळ विनंती असते आणि सामान्यतः ती ठराविक रद्दबिंदूंवरच अमलात येते. त्या वेळी नोंदविलेली सफाई-फंक्शने उलट क्रमाने, म्हणजे शेवटचे प्रथम, चालविली जातात. अटीची वाट पाहणारा थ्रेड रद्द झाल्यास सफाईपूर्वी त्याला कुलूप पुन्हा मिळते, हा बारकावा विशेष उल्लेखनीय आहे.

तथापि या योजनेतही उणिवा आहेत. वाचन, लेखन, फाईल बंद करणे अशा नित्याच्या क्रियाच रद्दबिंदू असल्याने दुसऱ्याच्या लायब्ररीत असा बिंदू कोठे दडला आहे, हे वापरणाऱ्यास सहज कळत नाही. सफाईची नोंद व तिची समाप्ती एकाच ब्लॉकमध्ये असावी लागते; मधूनच ‘रिटर्न’ केल्यास परिणाम अनिश्चित राहतो. तत्काळ रद्द होण्याची मुभा दिल्यास मेमरी मिळणे आणि तिची नोंद होणे यांच्यामधील क्षण असुरक्षित बनतो.

जबाबदारीचा स्वीकार
२००८ च्या पोसिक्स आवृत्तीतील ‘रोबस्ट म्यूटेक्स’ ही सुविधा या दृष्टीने उद्बोधक आहे. कुलपाचा धनी मरण पावल्याची सूचना पुढच्या थ्रेडला मिळते. मात्र माहिती दुरुस्त करून ती सुसंगत असल्याची ग्वाही त्यालाच द्यावी लागते. सिस्टिम मृत्यूची वार्ता देऊ शकते. अर्धवट राहिलेल्या कामाचा अर्थ तिला कळत नाही.

सी++२० मधील ‘जे-थ्रेड’ हेच तत्त्व पुढे नेतो. थांबण्याची विनंती थ्रेड स्वतः तपासतो आणि सामग्री तिच्या धारक ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरमधून मुक्त होते. येथेही मर्यादा आहे. नेटवर्कवरील वाचनात अडकलेला थ्रेड विनंती तपासू शकत नाही. त्याला जागे करण्याची स्वतंत्र सोय करावी लागते. पण ही उणीव उघड असल्याने तिच्यावर उपाय योजता येतो.

समारोप
थ्रेडच्या कामाची अवस्था त्या थ्रेडलाच ठाऊक असते. म्हणून शेवटाचा क्षण निवडण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असावा, असे उपरोक्त विवेचनातून दिसून येते. अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. थ्रेडनिर्मितीच्या पाठातच सामग्री कोण, केव्हा आणि कोणत्या क्रमाने परत करील, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवावयास हवा. सफाईचा विचार अखेरीस करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो बहुधा राहूनच जातो.