अठ्ठावीस हजारांचा रफी

जुलै संपत आला की आम्ही हेंद्रेपाड्यातली माणसे दोन गोष्टींची चौकशी करतो. उल्हास नदी किती चढली, आणि ३१ तारखेचा रफीचा कार्यक्रम यंदा कुठल्या हॉलमध्ये आहे? मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले. मुंबईत त्या दिवसांत धो धो पाऊस होता आणि त्या पावसातच त्यांची अंत्ययात्रा निघाली. कराओकेच्या माइकसमोर दरवर्षी हा पाऊस पुन्हा सांगितला जातो. महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहून संतांची चरित्रे ज्या थाटात सांगितली, तोच हा थाट. नायक निष्पाप, निसर्ग साक्षीला आणि शंका घेणारा पाखंडी.

भक्तीबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः त्यांच्यातलाच. पण भक्तीला आकडा लागतो तेव्हा विचार करावा लागतो. आमच्याकडे अजूनही २८ हजार गाणी सांगितली जातात. त्याचा उगम असा : गिनीज बुकाने १९७४ साली लता मंगेशकरांच्या नावावर किमान २५ हजार गाण्यांचा विक्रम नोंदवला. रफींनी त्याला पत्राने हरकत घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८४च्या आवृत्तीत, १९४४ ते एप्रिल १९८० या काळात २८ हजार गाणी गायल्याचा त्यांचा दावाही छापून आला. पुढे दोघांच्याही नोंदी गाळल्या गेल्या. भक्तांनी मात्र गाळल्या नाहीत.

आता साधा हिशोब करू. छत्तीस वर्षांत २८ हजार म्हणजे वर्षाला सुमारे पावणेआठशे. एकही दिवस सुट्टी न घेता रोज दोनहून अधिक. पन्नास-साठच्या दशकांत हिंदी चित्रपट वर्षाला शंभर-सव्वाशे निघत. दर चित्रपटाला आठ गाणी धरली तरी फार तर हजार. म्हणजे लता, आशा, गीता दत्त, मुकेश, तलत, किशोर, मन्ना डे या सगळ्यांनी मिळून उरलेल्या सव्वादोनशेत भागवायचे! इतर भाषांतली गाणी धरली तरी हा मेळ बसत नाही.

हा आकडा खोडला तोही वेड्यांनीच, हे मला महत्त्वाचे वाटते. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी १९८०पासून ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड काढले. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आदींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी केली. तबकडीवरचा क्रमांक, पुस्तिकेतला गायकाचा उल्लेख, दोन आवृत्त्यांतला फरक असे रुक्ष काम या मंडळींनी वर्षानुवर्षे केले. अशा मोजणीतून रफींची गाणी पाच हजारांच्या आसपास भरतात. पाच हजार! याने माणूस लहान होतो असे ज्याला वाटते, त्याचे प्रेम गाण्यावर नसून विक्रमावर आहे.

खरे नुकसान वेगळेच आहे. चरित्र पवित्र झाले की ऐकणे थांबते. कार्यक्रमांत तीच चाळीसेक गाणी फिरतात. ज्या रफीवर जी. एम. दुराणींची छाया होती, तो चाळीसच्या दशकातला चाचपडणारा रफी कुणी लावत नाही. तो ऐकला असता, तर शब्बीर कुमार आणि मोहम्मद अझीझ यांना ‘नकलाकार’ म्हणताना जीभ जरा अडखळली असती. श्रीकांत ठाकरे यांनी गाऊन घेतलेली मराठी गाणी लागतात, पण वंदना विटणकरांचे नाव निवेदक हमखास विसरतो.

मानधनाच्या वादाचेही तेच. साठच्या दशकात लताबाई गायकांसाठी रॉयल्टी मागत होत्या. गाण्याचे पैसे एकदा मिळाले की हक्क संपला, असे रफींचे म्हणणे होते. दोघांनी काही वर्षे एकत्र गायले नाही. भक्त ही गोष्ट रफींच्या निर्लोभतेचा दाखला म्हणून सांगतात. निर्लोभता असेलही. पण ज्या साध्या गायकाला दुसरा आधार नव्हता, त्याचे काय? २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, तेव्हा कुठे गायकांचा रॉयल्टीवरचा हक्क कायद्यात आला. त्या एका मुद्द्यावर रफी चुकले, असे मला वाटते. हे वाक्य आमच्या हॉलमध्ये उच्चारायची मात्र माझी छाती होत नाही.

जुहूच्या दफनभूमीतली त्यांची कबर २०१० साली जागेअभावी मोडली गेली. चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून ती जागा ओळखतात. त्या झाडापाशी फुले ठेवणाऱ्यांना मी हसणार नाही. मला धास्ती आहे ती पोटमाळ्यांची. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पुरात अडकली, त्या पावसात आमच्या भागातही पाणी शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्याच्या तबकड्या आणि हाताने लिहिलेल्या वह्या अशा वेळी किती तास टिकणार? मुलांच्या मोबाइलवर सगळी गाणी आहेत. पण कुठले गाणे कोणत्या साली कोणत्या तबकडीवर निघाले, पुस्तिकेत काय छापले होते आणि प्रत्यक्षात गायले कोणी, हे त्या वह्यांतच आहे. संग्राहक गेला की पंधरा दिवसांत भंगारवाला येतो. ३१ जुलैच्या वर्गणीतून यंदा हारांऐवजी एक स्कॅनर घ्यावा, असे मी सुचवले होते. हार आले.