पथकाला उणीव हवी

'फायनल फँटसी टॅक्टिक्स' ३० सप्टेंबर २०२५ला 'द इव्हॅलिस क्रॉनिकल्स' म्हणून नव्या रूपात परत आला आणि तेव्हापासून भेटेल तो खेळाडू एकच विचारतो आहे: पथक कसं लावू? उत्तरही त्याच्याकडे तयारच असतं. पुढे एक ढालवाला, मागे एक उपचार करणारी, दोन मारणारे, एक जादूगार. पाच जागा, पाच कामं, झालं. अठ्ठावीस वर्षांनंतरही अंगावर येणाऱ्या गेममधून आपण एवढंच उचलणार असू, तर डावपेची गेमच्या या कलेचं काही खरं नाही. ही चीड मनात घेऊनच लिहायला बसलो आहे.

यासुमी मात्सुनोच्या या गेममध्ये पथक तक्त्यावरून जुळत नाही, हीच तर त्याची थोरवी. इथल्या प्रत्येक माणसाला धैर्य आणि श्रद्धा असे दोन आकडे आहेत. श्रद्धा कमी असली तर शत्रूची जादू त्याला फारशी लागत नाही, पण आपल्या बाजूचा उपचारही त्याच हिशेबानं कमी लागतो. म्हणजे तुम्ही तक्त्याप्रमाणे पुढे दांडगा सरदार ठेवलात, मागे उपचार करणारी ठेवलीत आणि सरदार मनानं नास्तिक निघाला, तर तिचा मंत्र त्याच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळतो. बरं, त्याची श्रद्धा वाढवावी, तर शत्रूच्या आगीपुढे तो कागदासारखा पेटतो. ती फारच वाढवली, तर एके दिवशी तो तलवार ठेवून देवाच्या शोधात निघून जातो, पथक कायमचं सोडून. पाच जणांचा मेळ असा एकेकाच्या स्वभावापर्यंत उतरून घालावा लागतो. मात्सुनोला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. त्याच गेममध्ये त्यानं गणिती नावाचा पेशा ठेवला, जो एका हिशेबात सगळं मैदान साफ करतो. आणि उत्तरार्धात ऑर्लांडो नावाचा सेनानी दिला, ज्याच्या शेजारी बाकीचे चौघे प्रेक्षक होतात. पण ती छिद्रं आहेत. कापड भक्कम आहे.

हे कापड विणायला सुरुवात झाली ती १९९०मध्ये, शोझो कागाच्या पहिल्या 'फायर एम्ब्लेम'पासून. मेलेला माणूस परत येत नाही, हा त्याचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो जेगन. म्हातारा घोडेस्वार, पहिल्या लढाईपासून सोबत. सुरुवातीला तो एकटा सगळ्यांना पुरून उरतो, पण पुढे त्याची वाढ जवळजवळ होतच नाही. प्रत्येक शत्रू त्याच्याच हातून मारला, तर पोरं कच्ची राहतात आणि शेवटच्या लढायांत तुम्ही उघडे पडता. त्याला मागे ठेवलं, तर आज एखादं पोर मरतं आणि ते परत येत नाही. आजच्या लढाईचं पथक आणि वीस लढायांनंतरचं पथक यांचा झगडा कागानं एका म्हाताऱ्याच्या अंगी उभा केला. त्याच मालिकेच्या २०१९च्या 'थ्री हाउसेस'मध्ये काय झालं? विद्यार्थी शिकवा, वाटेल त्याला वाटेल ते बनवा. तलवारबाज पोरगी, पुस्तकी पोरगा, सरदाराचा लेक, व्यापाऱ्याचा लेक, सगळे शेवटी उडत्या वायव्हर्नवर बसतात, कारण हिशेबात तेच बसतं. चूक झालीच, तर काळ मागे फिरवायची सोय आहे. माणसांच्या गोष्टी त्या गेममध्ये उत्तम आहेत, हे मान्य. पण रणांगणावर ती माणसं एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत.

अलीकडच्या कामांत ज्यावर मी मनापासून खूश झालो तो 'युनिकॉर्न ओव्हरलॉर्ड'. मार्च २०२४मध्ये आलेला, व्हॅनिलावेअरचा. त्याचं घराणं १९९३च्या 'ओगर बॅटल'चं: लढाई तुम्ही हातानं लढत नाही, गट बांधून पाठवता आणि गट आपापला लढतो. पुढची रांग, मागची रांग, तीन-तीन जागा, आणि जास्तीत जास्त पाच माणसं. घोडेस्वार पायदळाला तुडवतो, उडणारा घोडेस्वाराला पाडतो, तिरंदाज उडणाऱ्याला. इथवर नवीन काही नाही. नवीन आहे ते अटींमध्ये. प्रत्येक कौशल्यावर दोन अटी घालता येतात: कुणावर वापरायचं, केव्हा वापरायचं. अट सैल राहिली तर उपचार खरचटलेल्यावर खर्ची पडतो आणि ढालवाला कोसळताना उपचार करणारीच्या हातात काही उरत नाही. अट फार आवळली तर ती अख्खी लढाई हात बांधून उभी राहते. आणि गटाचा म्होरक्या कोण, यावर निम्मा डाव ठरतो. तिरंदाज म्होरक्या असेल तर तो गट दुरून दुसऱ्या गटाला बाणांची साथ देतो; उडणारा म्होरक्या असेल तर अख्खा गट नदी-डोंगर ओलांडून जातो. म्हणजे जो लढाईत सगळ्यात उपयोगी तोच म्होरक्या, असं होत नाही. एखादा बरा लढवय्या मागच्या जागेवर ढकलावा लागतो, कारण वाट काढणारा दुसरा असतो.

एवढं करून व्हॅनिलावेअरचा धीर मात्र सुटला. भिडण्याआधीच कुणाचं किती रक्त उरेल, याचा पक्का निकाल पडद्यावर दिसतो. गट हलवा, निकाल बदलतो. पुन्हा हलवा, पुन्हा बदलतो. मग अटींचा विचार करायचं कारणच उरत नाही, आकडा हिरवा होईपर्यंत माणसं सरकवत बसायचं. ज्या गेमनं पथक बांधायची सगळ्यात सुंदर भाषा दिली, त्यानंच शेजारी उत्तरपत्रिका ठेवली. ती झाकून ठेवायची सोय सुरुवातीपासूनच हवी होती.

मला जे हवं आहे ते जवळजवळ पूर्णपणे हँबुर्गच्या एका लहान चमूनं केलं आहे. ओव्हरहाइप स्टुडिओजचा 'बॅटल ब्रदर्स' २०१७मध्ये पूर्ण झाला. दिसायला साधा: पाय नसलेली, छातीपर्यंतची बाहुली माणसं, षटकोनी घरांचा पट. इथं पेशेच नाहीत. तुम्ही भाडोत्री सैनिकांच्या टोळीचे नायक. गावोगावी जाऊन माणसं भरती करता. शेतमजूर येतो, भिकारी येतो, चोरून शिकार करणारा येतो. शेतमजुराला दम जास्त, शिकाऱ्याचा नेम बरा, भिकारी स्वस्त. पुढे कळतं की एकाला दमा आहे, दुसऱ्याला रात्री दिसत नाही, तिसरा दारूडा आहे. रोज प्रत्येकाला पगार द्यावा लागतो. मैदानात बारा जण उतरतात. ढाल घेतलेले पुढे उभे राहतात आणि लांब दांड्याची शस्त्रं घेतलेले त्यांच्या मागून वार करतात, कारण ती शस्त्रं दोन घरं लांब पोचतात. जो तो ढाल उचलून दमतो, आणि दमलेला माणूस मरतो.

या गेममध्ये लढाईत उपचार करणारं कुणीच नाही. तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागाच त्यांनी रिकामी ठेवली. त्यामुळं प्रत्येक घाव हिशेबात येतो. आज जिंकलो, पण तिघांचे हात मोडले आहेत, चिलखतं फाटली आहेत, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि उद्या पगार द्यायचा आहे. मग पुढच्या कामावर कुणाला न्यायचं? दोन डोळ्यांच्या नवख्याला की एका डोळ्याच्या जुन्याला? मी कित्येकदा डोळा गमावलेल्या जुन्याला नेलं आहे, कारण पळापळ सुरू झाल्यावर तोच जागेवर उभा राहतो. गेमनं मला असं वागायला कुठंही सांगितलं नाही. बारा जागा, कमी पैसे आणि माणसांच्या खोडी, एवढ्यावरून ते माझं मला उमगलं.

'डार्केस्ट डंजन'चं (२०१६) एक उदाहरण इथंच द्यायला हवं. तिथं चार जण, एका रांगेत, आणि उभं राहायच्या जागेवर कौशल्य अवलंबून. पण खरी मेख पुढे आहे: अ‍ॅबॉमिनेशन, म्हणजे पशूचं रूप घेणारा शापित माणूस, पथकात असेल तर व्हेस्टल, क्रुसेडर आणि लेपर हे धर्मनिष्ठ वीर त्याच्याबरोबर जायलाच तयार होत नाहीत. धर्म आडवा येतो. कोण कुणाबरोबर बसेल, हा प्रश्न युद्धशास्त्राच्या पुस्तकात असो नसो, प्रत्येक खऱ्या पथकात असतो. खेळाडूंनी कुरकुर केली आणि ही अट बंद करायची सोय पुढे आली. ती सोय वापरणाऱ्यांनी त्या गेममधली सगळ्यात धीट कल्पना खोडून टाकली आहे.

बाकीचे गेम थोडक्यात: 'एक्सकॉम' बंदुकीच्या टक्केवारीचा गेम आहे, पथकाचा नाही. 'डिसगाया' आकडे फुगवण्याचा. आणि पैसे टाकून नशिबानं वीर मिळवायला लावणारे मोबाइलवरचे गेम दुकानं आहेत, त्यांची समीक्षा करण्यात अर्थ नाही. 'ट्रँगल स्ट्रॅटेजी'नं (२०२२) प्रत्येकाला एकच ठरलेलं काम देऊन योग्य बाजू घेतली, पण लढायांना धार कमी पडली.

मुख्य मुद्दा 'बाल्डर्स गेट ३'पाशी येतो, कारण २०२३पासून सगळे त्याचंच अनुकरण करू पाहत आहेत. चार जणांचं पथक, अप्रतिम लेखन, मैदानाचा कल्पक वापर, सगळं आहे. आणि छावणीत विदर्स नावाचा सांगाडा आहे, ज्याला शंभर मोहरा दिल्या की कुणाचाही पेशा मुळापासून बदलतो. चोर धर्मगुरू होतो, धर्मगुरू योद्धा होतो, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. याला स्वातंत्र्य म्हणतात. खेळाडूला शिक्षा का करायची, चुकीच्या निवडीत त्याला अडकवून का ठेवायचं, असा युक्तिवाद असतो. मला तो मान्य नाही. निवड परत घेता येत असेल तर ती निवडच नव्हती. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ भिडायच्या आधी पेठेपेठेत वाद पेटतो तो अकरा जणांवर. मधल्या फळीतला कमी करून पुढे एक वाढवायचा का, जायबंदी बचावपटूला खेळवायचं का. पंचवीस जण उतरवायची आणि हवा तेव्हा बचावपटूचा स्ट्रायकर करायची मुभा दिली, तर तो वाद त्याच दिवशी संपेल, आणि वादाबरोबर संघही.

स्वातंत्र्याच्या नावाखाली जे चाललं आहे ते भित्रेपण आहे. खेळाडूला दुखेल, म्हणून काहीच कायमचं ठेवायचं नाही. मग सगळ्यांची पथकं सारखी होतात, कारण सगळे सगळ्यांत चांगला तक्ता शोधतात आणि माणसं त्यात ओततात. समतोल म्हणजे सगळं असणं, हा समज त्यातूनच पक्का होतो. पथकात काहीतरी नसतं आणि बाकीचे मिळून ते झाकतात, तेव्हाच समतोल साधतो. दम्याच्या माणसाशेजारी दमदार माणूस उभा राहतो तो त्या दम्यामुळं.

आपल्याकडे तर हा प्रश्न उभाच राहिलेला नाही, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. पुण्यात गेम करणारे गुणी लोक आहेत. नॉडिंग हेड्सनं २०२०मध्ये 'राजी' केला. राजस्थानी महाल, देवदेवता, सगळं देखणं, पण एकटी राजी पळते आणि लढते. सुपरगेमिंगनं 'इंडस' केला, तो गोळीबाराचा. पोरांच्या हातात 'बीजीएमआय' आहे. तिथं चौघांचं पथक असतं, पण एकाला जे जमतं ते चौघांनाही सारखंच जमतं.

खरं तर धडा हाताशीच आहे. पन्हाळा आपल्या कोल्हापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, आणि शिवाजी महाराज गडावरून निसटले ती रात्र. इथं गेमची भाषा मी जपून वापरतो, कारण ही आपल्या श्रद्धेची गोष्ट आहे. पण जो पथक बांधायला शिकू पाहतो त्यानं ती रात्र त्या नजरेनंही वाचावी. शिवा काशीद यांची जागा दुसऱ्या कुणालाही घेता आली नसती, कारण महाराजांसारखं दिसणं शिकून येत नाही. पालखीचे भोई हवेत, वाट ठाऊक असलेले हवेत, खिंडीत पाय रोवणारे बांदल हवेत. आणि घोडखिंडीत मोठा निर्णय: निम्मे लोक बाजीप्रभूंबरोबर मागे ठेवायचे, निम्मे पुढे न्यायचे. पुढे विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. तो फोडायलाही लढवय्ये लागणार होते. सगळे चांगले लोक खिंडीत ठेवले तर गड गाठता येत नाही. सगळे पुढे नेले तर खिंड पडते. या एका प्रसंगात पथक बांधण्याचं जेवढं शास्त्र आहे तेवढं मला कुठल्याही गेममध्ये सापडलेलं नाही.

अद्भुतच हवं असेल तर तेही आपल्याकडे मर्यादेसकट आहे. मुंजा पिंपळ सोडत नाही. आसरा पाणी सोडत नाहीत. वेताळ अमावस्येला निघतो, रोज नाही. आपल्या आज्यांच्या गोष्टींतली प्रत्येक शक्ती जागेशी, वेळेशी, अटीशी बांधलेली आहे. परदेशी एल्फ आणि ड्रॅगन उसने आणून त्यांना सगळं जमवून देण्यापेक्षा हे बांधलेपण घ्या. ज्या पथकात मुंजा आहे त्याला पिंपळापर्यंत शत्रूला ओढून आणावं लागेल, आणि ओढून आणणारा कोण, इथून डाव सुरू होईल.

पुण्या-मुंबईत आणि आता कोल्हापुरातही जे तरुण गेम करायला बसले आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: माणसं थोडी द्या, प्रत्येकाला एक गोष्ट अजिबात जमू देऊ नका, आणि पेशा बदलून देणारा तो सांगाडा छावणीत ठेवू नका. खेळाडू चिडतील. चिडू द्या.